रशिया पुन्हा उभा राहिला, तो कशाच्या जोरावर आणि कोणाच्या जिवावर?

उत्तररात्र

गेल्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत रशियाचा विषय निघाला. एक काका म्हणाले, "नाटोने कोपऱ्यात गाठलं, मग तो अंगावर येणारच." समोरचे म्हणाले, "पुतीनला झारचं राज्य परत हवंय." जेवण संपेपर्यंत दोघेही जागचे हलले नाहीत, आणि दोघांच्याही बोलण्यात एकही साल आलं नाही. म्हणून हा धागा. मला जसा क्रम लागला तसा मांडतो, चुकलं तर दुरुस्त करा.

२५ डिसेंबर १९९१ ला क्रेमलिनवरचा लाल झेंडा उतरला आणि एका देशाचे पंधरा झाले. त्यानंतरची दहा वर्षं रशियन माणसाने काय भोगलं हे आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. १९९२ मध्ये महागाई २५०० टक्क्यांच्या घरात गेली. आयुष्यभराची बचत वर्षभरात मातीमोल झाली. ऑक्टोबर १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष येल्त्सिननी स्वतःच्या संसदेवर रणगाडे चालवले आणि पश्चिमेकडून त्यांना पाठिंबाच मिळाला. १९९४ मध्ये रशियन पुरुषाचं सरासरी आयुर्मान ५८ वर्षांच्याही खाली उतरलं. तेल आणि निकेलच्या कंपन्या 'शेअरच्या बदल्यात कर्ज' या योजनेत मूठभर लोकांच्या खिशात गेल्या. १७ ऑगस्ट १९९८ ला सरकारने हात वर केले, कर्ज फेडता येत नाही म्हणून सांगितलं आणि रूबल कोसळला. 'लोकशाही' हा शब्द सामान्य रशियनाच्या कानाला याच काळात कडू लागला.

आता नाटोचं. ९ फेब्रुवारी १९९० ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर मॉस्कोत सोव्हिएत नेते गोर्बाचोव्हना भेटले. नाटो पूर्वेला 'एक इंचही' सरकणार नाही हे बोलणं तिथलं. विषय जर्मनीच्या एकीकरणाचा होता. सप्टेंबरमध्ये जो करार झाला त्यात पूर्व जर्मनीत परदेशी फौजा आणि अण्वस्त्रं ठेवायची नाहीत एवढंच लिहिलं गेलं. पोलंड, हंगेरीविषयी त्यात अक्षर नाही. तेव्हा 'लेखी वचन मोडलं' हे खरं नाही, आणि 'असं कुणी काही बोललंच नव्हतं' हेही खरं नाही.

माझ्या मते खरी गाठ पडली ती १९९९ च्या मार्चमध्ये. १२ तारखेला पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक नाटोत आले. बाराच दिवसांनी, २४ ला, नाटोने सुरक्षा परिषदेची परवानगी न घेता युगोस्लाव्हियावर बॉम्बफेक सुरू केली. त्याच सुमारास रशियाचे पंतप्रधान येवगेनी प्रिमाकोव्ह वॉशिंग्टनला निघाले होते. देश कंगाल, नाणेनिधीच्या कर्जाची बोलणी करायची होती. अटलांटिकवर असताना उपाध्यक्ष अल गोर यांच्याकडून त्यांना कळलं की हल्ला होणार. त्यांनी विमान तिथूनच मागे वळवलं. आजही रशियात तो प्रसंग अभिमानाने सांगतात. पुतीन सत्तेवर यायला अजून नऊ महिने होते, हे मुद्दाम सांगतो, कारण ही नाराजी एका माणसाने जन्माला घातलेली नाही.

पुढची आठ वर्षं तेलाची. १९९८ मध्ये पिंपाला १२ डॉलरच्या आसपास असलेलं तेल जुलै २००८ मध्ये १४७ ला टेकलं. अलेक्सेई कुद्रिन या अर्थमंत्र्याने वरचा पैसा उधळू दिला नाही, २००४ पासून वेगळ्या निधीत ठेवला. नाणेनिधीचं कर्ज २००५ मध्ये, पॅरिस क्लबचं, म्हणजे कर्ज देणाऱ्या देशांच्या गटाचं, २००६ मध्ये, दोन्ही मुदतीआधी फेडली. परकीय गंगाजळी ६०० अब्ज डॉलरजवळ पोचली. पगार वेळेवर होऊ लागले. त्याच काळात तेलसम्राट खोदोरकोव्स्की तुरुंगात गेले, दूरचित्रवाणीच्या वाहिन्या सरकारच्या ताब्यात आल्या, चेचन्याची राजधानी ग्रोझ्नी बेचिराख झाली. पोटाला मिळत होतं, म्हणून बहुतेकांनी तिकडे पाहिलं नाही.

जुलै २००६ मध्ये सेंट पीटर्सबर्गला जी-८ ची परिषद भरली. यजमान पुतीन, परदेशी कर्ज फिटत आलेलं, निम्मं युरोप रशियन गॅसवर शेकत बसलेलं. माझ्या लेखी रशियाचं पुनरुत्थान म्हणजे ते वर्ष. पुढच्याच फेब्रुवारीत म्युनिकच्या भाषणात पुतीननी अमेरिकेला तोंडावर सुनावलं, आणि त्यातलं बरंचसं, इराकविषयीचं तर नक्कीच, चुकीचं नव्हतं.

एप्रिल २००८ मध्ये बुखारेस्टला नाटोने जाहीर केलं की युक्रेन आणि जॉर्जिया 'सदस्य होतील'. कधी, ते नाही. प्रवेशाचा कार्यक्रम नाही, संरक्षणाची हमी नाही. रशियाला चिथावणी पूर्ण आणि त्या दोघांना आधार शून्य. त्या सगळ्या काळातला पश्चिमेचा यापेक्षा वाईट निर्णय मला सापडत नाही. ऑगस्टमध्ये जॉर्जियात पाच दिवसांचं युद्ध झालं.

मग २०१४, रशियाने युक्रेनचा क्रिमिया गिळला. डिसेंबर १९९४ मध्ये बुडापेस्टला रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी युक्रेनच्या सीमांचा मान राखू असं सह्या करून लिहून दिलं होतं, आणि त्या भरवशावर युक्रेनने आपल्या भूमीवरची जगातली तिसऱ्या क्रमांकाची अण्वस्त्रं सोडली होती. एक इंचाचं बोलणं तोंडी होतं. हा कागद होता. आणि २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियन फौजा थेट युक्रेनमध्ये घुसल्या, तेव्हा तर काही उरलंच नाही.

रशियाची तक्रार मला खरी वाटते. पण ती वसूल केली गेली ती ज्याने काहीच देणं लागत नव्हतं त्याच्याकडून. तुमचं म्हणणं वाचायला आवडेल.

तिसरा_मजला

वाखूसा (वाचनखूण साठवली). प्रिमाकोव्हचा प्रसंग माहीत नव्हता.

कणखर_देशा

लेख मेहनतीने लिहिलाय, पण शेवटाशी असहमत. 'तक्रार खरी, पण' असं म्हणून तुम्ही सगळं वजन दुसऱ्या पारड्यात टाकलंत.

१९६२ मध्ये क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं आली तेव्हा अमेरिकेने जगाला अणुयुद्धाच्या काठावर नेलं. क्यूबा स्वतंत्र देश होता, त्याला हवी ती मैत्री करायचा हक्क होता, असं तेव्हा कोणी ऐकून घेतलं? २००३ मध्ये इराकवर हल्ला केला, विध्वंसक शस्त्रं सापडलीच नाहीत. २००८ मध्ये सर्बियातून फुटलेल्या कोसोव्होला मान्यता दिली आणि 'हा अपवाद' म्हणाले. २०११ मध्ये लिबियाच्या ठरावावर रशिया तटस्थ राहिला, म्हणजे वाट मोकळी करून दिली, आणि नागरिकांच्या रक्षणासाठी म्हणून सुरू झालेली मोहीम गद्दाफीचा जीव गेल्यावर थांबली. ११ सप्टेंबरनंतर पुतीननी बुशना सगळ्यांच्या आधी फोन केला, मध्य आशियात अमेरिकेचे तळ होऊ दिले. तीन महिन्यांत अमेरिकेने १९७२ च्या क्षेपणास्त्रविरोधी करारातून बाहेर पडत असल्याची नोटीस दिली. हा प्रसंग तुमच्या क्रमात यायला हवा होता.

आणि आपण भारतीय म्हणून बोलताना ९ ऑगस्ट १९७१ चा भारत-सोव्हिएत मैत्री करार विसरू नये. अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागरात आलं तेव्हा कोण पाठीशी होतं? रशियाचे ३०० अब्ज डॉलर एका रात्रीत गोठवले गेले. आज त्यांचे, उद्या आपले. ऑगस्ट २०२५ मध्ये रशियन तेल घेतो म्हणून आपल्या मालावर अमेरिकेने आणखी २५ टक्के कर लादलाच. त्याचा चटका कोळंबीवाल्यांना आणि कापडवाल्यांना बसला.

बाल्टिककाठ

मी नऊ वर्षं एस्टोनियाच्या राजधानीत, ताल्लिनमध्ये राहते. सहसा फक्त वाचते, पण आज लिहावंसं वाटलं.

या सगळ्या चर्चेत 'नाटो पूर्वेकडे सरकलं' हे वाक्य असं येतं, जणू एखादा रणगाडा चालत आला. इथे राहणाऱ्यांना ते उलटं दिसतं. दार यांनी ठोठावलं. माझ्या कार्यालयातल्या एका बाईंच्या आजीला मार्च १९४९ मध्ये गुरांच्या डब्यात घालून सायबेरियात नेलं होतं. त्या एका फेरीत एस्टोनियातून २० हजारांहून जास्त माणसं नेली, बहुतेक बायका, मुलं, म्हातारी माणसं. देशाची लोकसंख्या आजही पुण्याच्या निम्मीदेखील नाही. दर घरात अशी एक कहाणी आहे. सोव्हिएत संघ संपला तरी रशियन फौज इथून ऑगस्ट १९९४ मध्ये गेली. २००४ मध्ये नाटोत प्रवेश मिळाला तो दिवस लोक घरातल्या लग्नाच्या तारखेसारखा सांगतात.

दुसरी बाजूही सांगते. इथे चौथ्या हिश्श्याहून थोडे कमी लोक रशियन वंशाचे. स्वातंत्र्यानंतर त्यांतल्या अनेकांना आपोआप नागरिकत्व मिळालं नाही, भाषेची परीक्षा द्यावी लागली, कित्येकांकडे अजून कुठल्याच देशाचं नागरिकत्व नसलेल्यांचा राखाडी पासपोर्ट आहे. ती जखम खरी आहे. सीमेवरचं नार्वा गाव जवळजवळ सगळं रशियन बोलणारं. नदीच्या या काठावर एक किल्ला, पलीकडे इव्हानगोरोदचा दुसरा, मधे पूल. २०२४ च्या फेब्रुवारीपासून त्या पुलावरून गाड्या जात नाहीत. आईला भेटायला लोक सामान ओढत चालत जातात.

कणखर_देशा, क्यूबाचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण अमेरिकेने तेव्हा चूक केली असं जर आपण म्हणतो, तर तीच चूक युक्रेनच्या बाबतीत हक्क कशी होते?

उत्तररात्र

क्षेपणास्त्र कराराचा मुद्दा सुटला, मान्य. तो २००२ मध्ये संपला आणि पुतीननी तो कायम लक्षात ठेवला.

बाल्टिककाठ ताई, राखाडी पासपोर्टचं मी पहिल्यांदाच वाचलं. आभार.

ओझरची_वसाहत

बाबा एचएएल या सरकारी विमान कंपनीत होते, माझं बालपण नाशिकजवळच्या ओझर टाउनशिपमध्ये गेलं. १९६४ पासून तिथे मिगचं काम. आमच्यासाठी सोव्हिएत युनियन म्हणजे बाबांचा पगार, शेजारी राहायला आलेले गोरे इंजिनियर, आणि वाचनालयातली गुळगुळीत कागदाची, मराठीत छापलेली गोष्टींची पुस्तकं. १९७१ ची कृतज्ञता माझ्याही घरात होती आणि आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झालं त्या दिवशी बाबा दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

पण एक गोष्ट त्या इंजिनियरांपैकीच एकाने शिकवली. आम्ही पोरं त्यांना 'रशियन अंकल' म्हणायचो. ते दरवेळी हसून मान हलवायचे आणि म्हणायचे, कीव्ह. आम्हाला फरक कळायचा नाही. सोव्हिएत म्हणजे रशिया हे समीकरण आपल्या डोक्यात इतकं पक्कं आहे, की जे काही आपल्याला मिळालं त्याचं सगळं श्रेय मॉस्कोच्या नावावर जमा होतं.

जरा हिशेब मांडू. हवाई दलाची एएन-३२ मालवाहू विमानं अंतोनोव्हची, म्हणजे कीव्हची. आपल्या माझगाव गोदीत बांधलेल्या आयएनएस मुंबई, आयएनएस कोलकाता, आयएनएस विशाखापट्टणम या विनाशिकांमधली गॅस टर्बाइन युक्रेनच्या मिकोलाइव्ह शहरातल्या झोर्या-माशप्रोएक्त कारखान्याची. २०१४ नंतर युक्रेनने रशियन युद्धनौकांना इंजिनं द्यायचं थांबवलं आणि कालिनिनग्राडच्या गोदीत अर्धवट बांधलेली जहाजं तशीच पडली. त्यातली दोन आपण विकत घेतली. इंजिनं भारताने युक्रेनकडून घेतली आणि रशियाला नेऊन दिली, तेव्हा कुठे डिसेंबर २०२४ मध्ये आयएनएस तुशील नौदलात आली. दोन देश एकमेकांवर तोफा डागत होते आणि आपल्या एका जहाजात एकाचा सांगाडा आणि दुसऱ्याचं काळीज आहे.

१९९१ नंतर सुट्या भागांसाठी आपली जी ओढाताण झाली ती याचमुळे. एक भाग एका देशात, दुसरा दुसऱ्याच देशात. तेव्हा कृतज्ञता ठेवायची तर पत्ता नीट लिहून ठेवावी, एवढंच मला म्हणायचंय.

कणखर_देशा

ओझरची_वसाहत, हे मला माहीत नव्हतं. विचार करतो. माझा मूळ आक्षेप पश्चिमेच्या दुटप्पीपणावर आहे, तो कायम.

काळी_माती

सगळे तेल आणि क्षेपणास्त्रांवर बोलताहेत, गव्हावर कोणीच नाही. मला रशियाची उभारी सगळ्यात स्पष्ट तिथेच दिसते.

सोव्हिएत संघाकडे जगातली सर्वोत्तम काळी जमीन होती, तरी १९६३ पासून त्यांना कॅनडाकडून गहू घ्यावा लागला, आणि १९७२ मध्ये अमेरिकेकडून इतका उचलला की जगभर भाव भडकले. अफगाणिस्तानवर आक्रमण केल्यावर १९८० मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टरनी त्यांचं धान्य रोखलं. ज्याच्याशी शीतयुद्ध, त्याच्याच दाण्यावर पोट. २००३ पासून शेतजमिनीची खरेदी-विक्री कायद्याने खुली झाली, मोठ्या कंपन्या उतरल्या, काळ्या समुद्रावरच्या नोव्होरोसिस्क बंदरात धान्याचे धक्के वाढले. दहा-पंधरा वर्षांत रशिया गव्हाचा जगातला सर्वात मोठा निर्यातदार झाला, वर्षाला ४ कोटी टनांहून अधिक. इजिप्तची भाकरी आज रशियन गव्हाची. २०१४ मध्ये निर्बंधांना उत्तर म्हणून त्यांनी युरोपचं मांस, चीज, फळं बंद केली आणि घरच्या शेतकऱ्याला बाजार मिळाला.

हे यश मला मनापासून मोठं वाटतं, कारण ते मातीतून आलंय. म्हणूनच ओदेसाच्या धान्यगोदामांवर क्षेपणास्त्रं पडताना पाहून जास्त वाईट वाटलं. २०२२ च्या मार्चमध्ये आपल्याकडे सूर्यफुलाच्या तेलाची पिशवी कितीला गेली होती ते घर चालवणाऱ्या प्रत्येकाला आठवत असेल. ते तेल मुख्यतः युक्रेनमधून यायचं.

पेडण्याची_वाट

आमच्याकडे गोव्यात मोरजी, आश्वे, हरमल या पट्ट्यात रशियन अक्षरांच्या पाट्या वीसेक वर्षं आहेत. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने रशियातलं काम बंद केलं आणि एका आठवड्यात पर्यटकांची कार्डं चालेनाशी झाली. आमच्या वरच्या खोलीत एक जोडपं होतं, लहान मुलगी बरोबर. बाई रडत होत्या, भाडं द्यायला रोकड नाही म्हणून. आईने त्यांना सांगितलं, असेल तेव्हा द्या, जेवायला खाली या. सप्टेंबरमध्ये तिकडे ३ लाख राखीव सैनिकांची भरती जाहीर झाली आणि त्या माणसाने परतीचं तिकीट रद्द केलं. युद्धाविषयी तो एकदाच बोलला, तेही दार लावून घेऊन. गोव्यातल्या भाड्याच्या खोलीत.

अवांतर: मे २०२३ मध्ये बाणावलीच्या शांघाय संघटनेच्या बैठकीला रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह आले होते. आमच्याकडे अब्जावधी रुपये भारतीय बँकांत साठलेत आणि ते वापरायचे कुठे हा प्रश्न आहे, असं ते तिथेच म्हणाले. तेल विकून मिळालेला पैसा घरी नेता येत नाही, ही ताकद म्हणायची की अडचण, जाणकारांनी सांगावं.

आकडेमोड

दोन्ही. निर्बंधांनी रशिया सहा महिन्यांत कोलमडेल म्हणणारे साफ चुकले. एल्विरा नबिउलिना यांच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर एका झटक्यात २० टक्के करून रूबल सावरला. तेल युरोपऐवजी चीन आणि भारताकडे वळलं. २०२२ पूर्वी आपल्या तेल आयातीत रशियाचा वाटा २ टक्क्यांच्या आत होता, वर्षभरात तो एक तृतीयांशावर गेला.

पण आतली पडझड पाहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये व्याजदर २१ टक्के. २०२५ च्या अंदाजपत्रकातला जवळजवळ तिसरा हिस्सा संरक्षणावर. कारखाने चालू आहेत, पगार वाढलेत, पण जे बनतं ते आघाडीवर जाऊन फुटतं. गाझप्रोम या रशियन गॅस कंपनीने पन्नास वर्षांत युरोपची बाजारपेठ बांधली होती, २०२३ मध्ये तिला दोन दशकांत पहिल्यांदा वार्षिक तोटा झाला, ६०० अब्ज रूबलहून जास्त. चीन गॅस घेतो, पण भाव तो ठरवतो. आणि ज्या नाटोला दूर ठेवायचं होतं ते फिनलंडमुळे सुमारे १३०० किलोमीटरच्या नव्या सीमेवर येऊन उभं आहे. उत्तररात्र ज्याला पुनरुत्थान म्हणतात, ती २००६ ची कमाई खर्चून हे घेतलंय.

मीठभाकर

माझा भाचा खारकीव्हला वैद्यकीयच्या चौथ्या वर्षाला होता. २ मार्च २०२२ ला दूतावासाची सूचना आली, संध्याकाळी सहाच्या आत शहर सोडा, वाहन नसेल तर चालत निघा. पेसोचिन गावापर्यंत ही मुलं बर्फातून चालत गेली. एक दिवस आधीच कर्नाटकातला एक विद्यार्थी किराणा आणायला गेला असताना तोफगोळ्याने गेला होता. आमची ताई ते दोन दिवस देवघरासमोरून उठली नाही.

त्याआधीचा आठवडा भाचा घरमालकीणबाईंबरोबर मेट्रोच्या फलाटावर झोपत होता. खारकीव्ह हे रशियन बोलणारं शहर. त्या बाई रशियनच बोलायच्या, त्यांची बहीण सीमेपलीकडे बेल्गोरोदला. पहिल्या रात्री त्यांनी बहिणीला फोन केला की आमच्यावर बॉम्ब पडताहेत. बहीण म्हणाली, तुमचेच लोक टाकत असतील, आमच्या टीव्हीवर तसं सांगितलं. रशियन बोलणाऱ्यांना वाचवायला फौज गेली म्हणतात, तेव्हा मला हा फोन आठवतो.

बाल्टिककाठ

मीठभाकर, त्या बाईंचं पुढे काय झालं?

मीठभाकर

खारकीव्हलाच आहेत. खिडक्यांना काचेऐवजी प्लायवुड लावलंय. दर दिवाळीला भाचा त्यांना दिव्यांचा फोटो पाठवतो, त्या उत्तर देतात. आधी रशियनमध्ये लिहायच्या, ती त्याला थोडी वाचता यायची. गेली दोन वर्षं युक्रेनियनमध्ये लिहितात. त्याला कळत नाही, भाषांतराच्या ॲपमध्ये टाकून वाचतो. त्याने एकदा विचारलं की रशियनमध्येच लिहा ना. त्या म्हणाल्या, मलाही अजून नीट येत नाही, शब्दकोश घेऊन बसते.